सहा भाषांची बालवाडी : नव्या ताईंसाठी

बांधकामाच्या साइटवरची बालवाडी म्हणजे पत्र्याची एक खोली, दारात चपलांचा ढीग आणि आत वीस-पंचवीस मुलं. रायचूर-कलबुर्गीकडून आलेली कन्नड नाहीतर तेलुगू बोलणारी, बिहारकडची भोजपुरी बोलणारी, यवतमाळ-नांदेडच्या तांड्यांवरची गोरमाटी, म्हणजे बंजारा समाजाची भाषा बोलणारी, वॉचमनची नेपाळी आणि जालना-बीडकडची मराठी. तीही पुस्तकातली मराठी नाही, हे पहिल्याच दिवशी कळतं.

पुण्याच्या कडेला अशी खोली चालवायला घेतली तेव्हा पहिली दोन वर्षं मी रोज एकच चूक केली. मुलांनी माझ्याशी बोलावं म्हणून जीव काढला. ‘नमस्ते ताई’, ‘माझं नाव अमुक’, ‘ताई पाणी पाहिजे’. मुलं शिकलीही. पण सगळं बोलणं माझ्याकडे तोंड करून. मी पाच मिनिटं बाहेर गेले की खोलीत भाषेभाषेची बेटं तयार. एकमेकांना ढकलायचं असेल तेवढाच या बेटावरून त्या बेटावर प्रवास.

मग एका दुपारी बाहेर वाळूच्या ढिगावर एक कन्नड मुलगी आणि एक भोजपुरी मुलगा दिसले. दोघांनाही एकच घमेलं हवं होतं. भरलेलं घमेलं एकट्याला उचलेना. दोघांनी दोन कडा धरल्या, चार पावलं नेलं, सांडलं, हसले, पुन्हा भरलं. अर्ध्या तासात तो तिला ‘बा, बा’ म्हणून बोलवायला लागला होता. कन्नडमध्ये ‘बा’ म्हणजे ये. हा शब्द मी त्याला शिकवला नव्हता, मला स्वतःलाच येत नव्हता.

खाली जे लिहिते आहे ते त्या घमेल्याच्या हिशेबाने. मूल आणि ताई यांच्यातला पूल आपोआप होतो. मूल आणि मूल यांच्यातला बांधावा लागतो, आणि तो बांधताना आपण मधून बाजूला व्हायचं असतं.

मुलं येण्याआधी

नोंदणीच्या अर्जावर ‘मातृभाषा’ असा रकाना असतो. त्यावर विश्वास ठेवू नका. भोजपुरी बोलणारे ‘हिंदी’ लिहितात, गोरमाटी बोलणारे ‘मराठी’ लिहितात, कारण सरकारी कागदावर तेच बरं दिसतं असं त्यांना वाटतं. त्यापेक्षा आईला विचारा, ‘बाळ रडायला लागलं की कशात समजावता? आजी कशात बोलते?’ उत्तर खरं मिळतं.

तेवढ्यातच आणखी चार गोष्टी विचारून घ्या. घरी हाक काय मारतात. पाणी, भूक आणि ‘दुखतंय’ याला घरी काय म्हणतात. रडू आलं की कशाने शांत होतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, शू-शीला कोणता शब्द आहे. हसू नका. आपल्याकडे ‘शू’, हिंदीत ‘सुसू’, कन्नडमध्ये ‘उच्चे’, तेलुगूत ‘उच्च’. माझ्याकडे एक तेलुगू मुलगा दोन दिवस मला कळवळून ‘उच्च, उच्च’ सांगत होता आणि मी त्याला उंच ठेवलेली खेळणी काढून देत होते. चड्डी ओली झालेलं मूल त्या दिवशी कोणाशी मैत्री करत नाही.

हे सगळं एका वहीत देवनागरीत लिहून काढा. प्रत्येक भाषेचे तीस-चाळीस शब्द पुरतात. वहीत एक पान फसव्या शब्दांचंही ठेवा, ते फार उपयोगी पडतं. आपण ‘खाली बस’ म्हणतो, हिंदी मुलाला ‘खाली’ म्हणजे रिकामं. ‘डबा खाली ठेव’ म्हटल्यावर एकीने डबा उपडा करून रिकामा केला होता, बिचारीने अगदी सांगितल्यासारखं केलं. ‘का’ म्हणजे आपल्याला कारण हवं असतं, भोजपुरीत ‘का’ म्हणजे ‘काय’. ‘आई’ ऐकून हिंदी मूल दाराकडे बघतं, कोण आली म्हणून. कन्नडमधलं ‘बा’ म्हणजे ये, गोरमाटीत ‘बा’ म्हणजे बाप. उलट काही शब्द फुकटात मिळतात. ‘अक्का’ मराठी, कन्नड, तेलुगू तिन्हींत मोठी बहीण. आमच्या मदतनीस बाईंना सगळे अक्का म्हणायचे ते त्यामुळेच. मला मात्र उत्तरेकडची पोरं ताई म्हणताना जरा बिचकायची, कारण त्यांच्याकडे ताई म्हणजे मोठी काकू.

नाव नीट उच्चारायला शिका. आपल्या सोयीसाठी नाव बदलू नका, ‘सोनू’ तर अजिबात करू नका. एका खोलीत चार सोनू झाले की मुलांनाही कोणाला हाक मारायची ते कळत नाही.

पहिले आठवडे : गप्प बसू द्या

नव्या भाषेच्या खोलीत आलेलं तीन-चार वर्षांचं मूल बऱ्याचदा एकदम गप्प होतं. काही आठवडे, काहींच्या बाबतीत काही महिने. या काळात ते रिकामं नसतं. ओठ हलवून बघतं, गाण्याला हात करतं, दुसऱ्याचं बघून रांगेत उभं राहतं. ते साठवण करत असतं. नव्या ताईला मात्र ते बघवत नाही, मग ती मुलासमोर बसून ‘बोल ना, बोल, हे काय आहे, सांग बघू’ सुरू करते. मूल आणखी आत जातं.

माझी भाची जर्मनीत असते. तिचा मुलगा तिथल्या किंडरगार्टनमध्ये गेला आणि कित्येक महिने तिथे एक अक्षर बोलला नाही. घरी मात्र मराठीत तोंड बंद नाही. ती रडकुंडीला आलेली, रोज फोन. मला ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आपलं पांढरपेशा घरातलं मूलही परक्या भाषेत असंच वागतं, म्हणजे हे ‘मजुरांच्या मुलांना काही येत नाही’ यातलं नाही. जर्मनीत मूल रुळेपर्यंत सुरुवातीचे काही दिवस, कधी काही आठवडे, आई किंवा बापाने सोबत बसायची पद्धत आहे. आपल्याकडे रोजंदारीवरच्या आईला ते परवडत नाही. पण मोठी बहीण, आजी किंवा त्याच भाषेतलं एखादं मूल पहिले काही दिवस शेजारी बसवता येतं. तेवढं करा.

गप्प मुलाला प्रश्न विचारायचा नाही, त्याच्या हाताशी बोलायचं. ते माती थापत असेल तर शेजारी बसून आपणही थापावी आणि ‘मी थापते, तू थापतोस’ एवढंच म्हणावं. उत्तराची वाट बघत डोळ्यांत बघू नये.

काळजी कधी करायची? आधी घरी विचारा. घरी स्वतःच्या भाषेत भरभर बोलत असेल तर वाट बघा. घरीही बोलत नसेल, हाकेला वळत नसेल, बोट दाखवून काही मागत नसेल, तर तो भाषा बदलण्याचा प्रश्न नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा तपासतात. जवळच्या अंगणवाडीच्या सेविकेशी बोलून मुलाला तिथे दाखवा, कान तपासायला सांगा. आणि मूल एका वाक्यात तीन भाषा मिसळत असेल तर त्याला काही झालेलं नाही. हाताला येईल तो शब्द उचलून ते काम भागवतंय.

बसायचं कसं, वस्तू कोणत्या

भाषेप्रमाणे ओळी करू नका. पण सगळ्यांना मुद्दाम विस्कटूनही टाकू नका. माझा अनुभव असा की चार-पाच जणांच्या गटात एका भाषेची दोन मुलं असावीत. एकटं पडलेलं मूल बाहेर बघत बसतं. तिघं-चौघं एकाच भाषेचे झाले तर त्यांना इतरांची गरज उरत नाही.

वस्तू अशा ठेवा की एकट्याने काम होणार नाही. घमेलं, दोन कड्यांची बादली, जुनं टायर, लांब दोरी, ओढणीवर चेंडू उडवायचा खेळ. विकतची खेळणी यात फार कमी उपयोगाची, कारण ती बहुतेक एकट्याने खेळायची असतात.

इथे वयाचं भान ठेवा. तीन वर्षांचं मूल दुसऱ्याच्या शेजारी बसून आपलं आपलं खेळतं, ते त्या वयाचं खेळणंच आहे. मिल्ड्रेड पार्टन या अमेरिकन संशोधक बाईंनी 1932 मध्ये मुलांच्या खेळाच्या पायऱ्या मांडल्या त्यातही हे शेजारी-शेजारी खेळणं वेगळं नोंदवलेलं आहे. तेव्हा लहान्यांना सारख्या दोन-दोन वस्तू द्या आणि जवळ बसवा, एवढंच. ‘वाटून घ्या’ हा उपदेश त्यांना करू नका. चार-पाच वर्षांच्यांना जोडीची कामं द्या. डब्यांची पिशवी दोघांनी आणायची, चटई दोघांनी गुंडाळायची. रोज जोडी बदला.

भातुकलीचा कोपरा

एकच कोपरा नीट मांडायला वेळ असेल तर हाच मांडा. खोटी प्लॅस्टिकची कपबशी नको. छोटा तवा, परात, डाव, जुनी पातेली, पोळपाट-लाटणं आणि भिजवलेली माती नाहीतर कणीक.

आमच्याकडे एक दिवस मराठी मुलीने पोळपाटावर चपाती लाटायला घेतली. रायचूरच्या पोरीने लाटणं बाजूला सारलं आणि दोन्ही तळव्यांनी थापायला सुरुवात केली, थप थप थप. तिची ज्वारीची रोट्टी. बीडची मुलगी ओरडली, ‘भाकर!’ त्या दोघींच्यात आजवर एक शब्द झाला नव्हता. मग बिहारकडच्या मुलाने गोळ्यात बोट खुपसून आत वाळू भरली आणि गोळा बंद केला, लिट्टी. तांड्यावरचा म्हणाला, बाटी. पुढची वीस मिनिटं कोणाला माझी आठवण नव्हती. मी फक्त कणीक वाढवली.

यात ताईने काय करायचं? कमी. मुलं खेळत असतात तेव्हा त्यांना लागणारे शब्द फार थोडे असतात. ये, दे, घे, थांब, माझं, अजून, नको. या सात शब्दांवर अख्खी भातुकली चालते. हेच शब्द प्रत्येक भाषेत तुम्हाला आले पाहिजेत. ‘नको’ला कन्नड ‘बेडा’, तेलुगू ‘वद्दु’. ‘अजून’ला हिंदी ‘और’, तेलुगू ‘इंका’, कन्नड ‘इन्नू’. मूल अडलं की तेवढा शब्द त्याच्या कानात पुरवायचा आणि मागे सरकायचं. रंगांची नावं, फळांची नावं, दिवसांची नावं नंतर. तक्त्यावरचं ‘अननस’ म्हणता आलं म्हणून कोणाशी खेळता येत नाही.

भांडण झालं की

भांडण म्हणजे संवादच आहे, फक्त शब्द कमी पडलेत. मारामारी असेल, दात किंवा दगड मध्ये आला असेल, तर ताबडतोब हात धरा. एरवी मनात दहा आकडे मोजा. निम्मी भांडणं सातव्या आकड्याला मिटतात.

मिटलं नाही तर दोघांच्या उंचीला बसा. कोर्ट भरवू नका. कोणी सुरुवात केली हे सहा भाषांत विचारून काही कळत नाही, कळलं तरी उपयोग नसतो. जे दिसतंय ते बोला, ‘तिला टायर हवंय. तुझं अजून झालं नाही.’ मग ज्याच्या हातात वस्तू आहे त्याला हाताचा पंजा पुढे करून ‘थांब’ म्हणायला लावा. पंजा सगळ्या भाषांत कळतो. दुसऱ्याला ‘नंतर मला’ची खूण द्या, छातीवर हात. आठवडाभर हे केलंत की मुलं तुमच्याकडे धावत येण्याऐवजी एकमेकांना पंजे दाखवायला लागतात.

चिडवणं मात्र वेगळं. ‘ए बिहारी’, ‘ही काळी’, ‘हिच्या डोक्याला वास येतो’. हे घरून नाहीतर आपल्याकडून आलेलं असतं. मदतनीस आणि ताई आपसात ‘ते भय्ये’, ‘ती लमाणी’ म्हणत असतील तर मुलांना दोष देण्यात अर्थ नाही, आधी आपली तोंडं आवरा. वासाच्या बाबतीत मी भाषण दिलं नाही. मोहरीचं तेल आणि खोबरेल अशा दोन वाट्या आणल्या, सगळ्यांना बोटं बुडवू दिली, हुंगू दिली. ‘हे हिच्या केसांना, हे तुझ्या केसांना.’ दोन जणांना मोहरीचा वास आवडला, एकाला शिंक आली. विषय संपला.

दुभाषा मूल

प्रत्येक खोलीत एक पाच वर्षांचं चलाख मूल निघतं ज्याला दोन-तीन भाषा येतात. नव्या ताईला तो देवमाणूस वाटतो. जपून. आमचा दुभाषा आठवड्याभरात ‘ती म्हणते, तिचा खाऊ मला द्या’ असं भाषांतर करायला लागला. शिवाय दिवसभर दुसऱ्यांचं सांगून सांगून ते मूल दमतं, त्याचं स्वतःचं खेळणं राहतं. ताप, दुखणं, आई कुठे गेली, अशा अडचणीपुरता त्याला बोलवा. एरवी त्यालाही चिखलात जाऊ द्या.

गाणं आणि गोष्ट

गाणी हातवाऱ्यांची, टाळ्यांची, नावं गुंफता येतील अशी घ्या. गाण्यात प्रत्येकाचं नाव रोज एकदा आलं की मुलांना एकमेकांची नावं पाठ होतात. नाव माहीत नसेल तर हाक कशी मारणार, ही साधी गोष्ट आपण विसरतो.

गोष्ट एकच, आठवडाभर. वस्तू हातात घेऊन सांगा. कावळा-चिमणीची सांगणार असाल तर मेणाचा तुकडा आणि वाळलेलं शेण खरंखुरं आणा. पहिले दोन दिवस मराठीत, तिसऱ्या दिवशी एखाद्या आईकडून तिच्या भाषेत. गोष्ट आधीच माहीत असते म्हणून बाकीच्यांना अनोळखी भाषाही कळल्यासारखी वाटते, आणि त्या आईचं मूल त्या दिवशी ताठ बसतं. दिवसा आई येऊ शकत नाही, खाडा पडतो. संध्याकाळी पाण्याच्या टाकीपाशी गाठा, फोनवर रेकॉर्ड करून घ्या. अंगाईही अशाच मिळतात.

आईबापांशी

बहुतेक आईबाप एकच मागणी करतात, ‘मराठी शिकवा, इंग्रजी शिकवा, आम्ही पण घरी आता मराठीच बोलतो.’ त्यांना हात जोडून सांगा की मोडक्या मराठीपेक्षा तुमची भरलेली भाषा मुलाला द्या. जे मूल घरी आजीशी भांडतं, थापा मारतं, गोष्टी ऐकतं, तेच इथे दुसरी भाषा पटकन उचलतं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलं आहे. एका पत्र्याच्या खोलीत सहा घरच्या भाषा असल्या तर काय करायचं याचं उत्तर धोरणातून मिळत नाही, ते आपल्यालाच शोधायचं असतं.

तसं हे कोडं जुनंच आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. आदिवासी मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. अंगणवाड्यांची सरकारी योजना 2 ऑक्टोबर 1975 ला आली, ती पुढे. अंगणात गेल्यावर मुलांच्या वस्तू, बिया, पानं, शंख-शिंपले हेच साहित्य झालं. मला त्यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की मूल बोलत नसेल तर खोली कुणाच्या घरासारखी दिसते ते आधी बघावं.

वही

रोज पानभर अहवाल लिहू नका, लिहिला जात नाही. मुलागणिक एक ओळ, आणि प्रश्न एकच : आज कोणाशी बोललं? किती शब्द आले ते नको. महिन्यातून एकदा कागदावर सगळ्यांची नावं गोलात लिहा आणि जे एकमेकांशी खेळतात त्यांच्यात रेघ ओढा. ज्या नावाला एकही रेघ नाही, पुढच्या महिन्यात तुमचं काम ते. त्याला काय चांगलं जमतं ते हेरा आणि त्या कामात त्याची जोडी लावा. आमची एक नेपाळी मुलगी तीन महिने बिनरेघेची होती. ती दोरीला गाठी फार सुंदर मारते हे कळल्यावर मी सगळ्यांच्या डब्यांच्या पिशव्यांची तोंडं तिच्याकडून बांधायला लावली. पंधरा दिवसांत पाच रेघा.

मुलं निघून जातात

हे कोणी आधी सांगत नाही म्हणून सांगते. शेवटचा स्लॅब पडला की मुकादम माणसं दुसऱ्या साइटवर हलवतो. सोमवारी तीन मुलं नसतात. निरोप घ्यायला वेळ मिळत नाही, तेव्हा आधीपासून सवय ठेवा. प्रत्येक मुलाचा हाताचा ठसा भिंतीवर असू द्या, गाण्यात गेलेल्याचं नाव काही दिवस राहू द्या, आणि त्याचा जोडीदार विचारेल तेव्हा ‘येईल हं’ असं खोटं सांगू नका. ‘गेला, दुसऱ्या गावाला काम आहे’ एवढं सांगा, आणि त्या जोडीदाराला त्याच दिवशी नवी जोडी लावायची घाई करू नका.

गेल्या पावसाळ्यात आमची सगळी कन्नड कुटुंबं अशीच एका आठवड्यात हलली. खोलीत एकही कन्नड मूल उरलं नाही. दिवाळीनंतर नवीन आलेल्या एका भोजपुरी मुलाच्या ताटलीत अक्का खिचडी वाढत होती, तर त्याने पंजा पुढे करून सांगितलं, ‘बेडा, बेडा.’